'मले नाई जाचं' : परदेशी निघालेल्या लहान मुलाचा नकार

वाशीम जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्या मुलांची वाट सहसा सरळ नसते. कारंजा, रिसोड किंवा मंगरुळपीरचा मुलगा शिकायला अमरावतीला नाहीतर पुण्याला जातो, तिथेच नोकरीला लागतो. लग्न होते, मूल होते आणि मूल चार-पाच वर्षांचे असताना कंपनी त्याला अमेरिकेला, जर्मनीला किंवा दुबईला पाठवते. बाप आधी जातो. पुण्याचे भाड्याचे घर सुटते, सामान टेम्पोत घालून आई आणि मूल गावी येतात. व्हिसा येईपर्यंत इथेच राहायचे असते. हे 'येईपर्यंत' कधी दोन महिन्यांचे असते, कधी दहा. तेवढ्या काळात फ्लॅटमध्ये वाढलेले मूल आजीच्या अंगणात रुळते. शेजारच्या पोरांची वऱ्हाडी उचलते, आजोबांच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून सोयाबीन पाहायला जाते, कुत्र्याला पोळी टाकायचे काम त्याचे होऊन बसते. मग एके दिवशी व्हिसाचा शिक्का मारलेला पासपोर्ट हाती पडतो. घरात पेढे वाटले जातात आणि मूल म्हणते, "मले नाई जाचं."

हा लेख त्या वाक्याविषयी आहे. मोठ्यांना ते हट्टाचे वाटते, म्हणून त्याला उत्तरही हट्टाला द्यावे तसे दिले जाते. तिथे बर्फ पडतो, डिस्नेलँड आहे, विमानात खिडकीची जागा मिळेल. दोन दिवस हे चालते. तिसऱ्या दिवशी मूल पुन्हा तेच म्हणते, या वेळी जरा मोठ्याने.

माझ्या मते यात उत्तर देणाऱ्यांची गल्लत पहिल्याच पायरीवर होते. मुलाचा नकार त्या देशाला नसतो. तो देश त्याने पाहिलेलाच नाही. नकार असतो तो हातातले सुटण्याला. नव्या देशाची जितकी स्तुती करावी तितके मुलाला एकच कळते, की आपले जे सुटणार आहे त्याची या घरात कुणाला किंमत नाही. त्यामुळे मुलाच्या मनात परदेशाविषयी आपुलकी निर्माण करायची असेल, तर सुरुवात परदेशापासून करून उपयोग नाही. ती अंगणापासून करावी लागते.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी साधारण दोन ते सात या वयातल्या विचारपद्धतीचे जे वर्णन केले, ते इथे उपयोगी पडते. या वयाचे मूल स्वतःच्या जागेवरून जग पाहते. दुसऱ्याच्या जागेवरून ते कसे दिसत असेल, हे त्याला अजून नीट साधत नाही. दिसते, हाताला लागते, तेवढ्यावर त्याचा हिशेब चालतो. अमेरिका हे त्याच्या लेखी अकोल्यासारखेच एक नाव असते, फक्त बस जरा जास्त वेळ लागते. आपण गेल्यावर हे घर इथेच राहील, आजी सकाळी चूल नाहीतर गॅस पेटवेल, शाळेची घंटा वाजेल, हे आपण गृहीत धरतो. मूल धरत नाही. 'घर सोडले' हे शब्द त्याने पुण्यात एकदा ऐकलेले असतात आणि त्यानंतर ते घर त्याला पुन्हा दिसलेले नसते. आता दुसऱ्यांदा तेच शब्द ऐकू येतात. याच वयात घडलेल्या गोष्टीचे कारण स्वतःकडे ओढून घ्यायची खोडही असते. आपण त्रास दिला म्हणून बाबा दूर गेले, असे मनाशी धरून बसलेले मूल तसे बोलून दाखवत नाही. ते फक्त फोनवर बाबांशी बोलायला येत नाही.

अशा मुलाचे प्रश्न ऐकावेत. विमानात शी लागली तर? माझी सायकल कोण चालवेल? मोत्याला पोळी कोण टाकेल? आजीच्या गुडघ्याला तेल कोण लावेल? तिथे अंधार झाला की दिवा कुठे असतो? मोठ्यांना हसू येते, कारण त्यांच्या डोक्यात पगार, शाळा आणि विमा असतो. पण मुलाचे सगळे स्थलांतर याच पाच प्रश्नांत आहे. यातल्या प्रत्येकाला नेमके आणि खरे उत्तर द्यावे. विमानात संडास असतो, छोटा असतो, पाणी ओढताना मोठा आवाज होतो. सायकल आतेभाऊ चालवेल. नको असेल तर माळ्यावर ठेवू, कुलूप तू लाव. पोळी आजोबा टाकतील आणि दर रविवारी तुला फोनवर दाखवतील. हे शेवटचे वाक्य बोलण्याआधी आजोबांना विचारून घ्यावे.

काळाचे गणितही असेच. "दोनच वर्षं रे" हा दिलासा मोठ्यांसाठी आहे. पाच वर्षांच्या मुलाला दोन वर्षे मोजता येत नाहीत, सण मोजता येतात. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात नवी नाही. पोहरादेवी आणि मानोऱ्याच्या परिसरातल्या काही तांड्यांवरून दसरा-दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात आणि लहान मुले बरोबर जातात. त्या जाण्याचे कौतुक करण्यासारखे काही नाही. ट्रकमधला संसार आणि बुडणारी शाळा यांत गोड असे काय असणार? मुले मागे राहून शिकावीत म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहे काढली आणि जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी कार्ड आणले, ते यासाठीच. पण त्या तांड्यावरच्या मुलाजवळ एक गोष्ट असते, जी विमानाने जाणाऱ्या मुलाजवळ बहुधा नसते. परत कधी यायचे ते त्याला ठाऊक असते. पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की सगळे परततात; होळी तांड्यावर व्हावी अशी सगळ्यांची धडपड असते. त्या मुलाच्या डोक्यात परतीला एक रंग आहे, एक वास आहे. पगारदार कुटुंबाच्या मुलाला मात्र आपण "बघू, सुट्टी मिळाली की" असे सांगतो.

त्यासाठी भिंतीवरच्या कालनिर्णयचा उपयोग होतो. हा पोळा इथे झाला. पुढचा पोळा तिथे, आपण फोनवर बैल पाहू. त्याच्या पुढचा इथे. ज्या कुटुंबाची तिकिटे तशी ठरली असतील त्यांनीच असे सांगावे. ठरली नसतील तर "कोणत्या पोळ्याला येऊ ते मला अजून माहीत नाही, कळले की पहिल्यांदा तुलाच सांगेन" हे उत्तर जास्त बरे. मुलाला अनिश्चितता सहन होते. खोटी खात्री सहन होत नाही, कारण तीच त्याला पुढच्या प्रत्येक वाक्याविषयी संशय घ्यायला शिकवते.

खोटेपणाचा आणखी एक प्रकार शिकलेल्या घरांत वाढला आहे. "आपण जायचं का अमेरिकेला? तुला काय वाटतं?" असे मुलाला विचारायचे. तिकीट काढून झालेले असते. मूल नाही म्हणते आणि मग त्या 'नाही'चे काय करायचे हे कुणालाच कळत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरले आहे तो प्रश्न मुलाला विचारू नये. जायचे आहे, हे आईबापांनी ठरवले, त्याची जबाबदारी त्यांची, असे सरळ सांगावे. मुलाकडे निर्णय द्यायचे ते त्याच्या उंचीचे असावेत: कोणता डबा न्यायचा, कोणत्या मित्राला शेवटचे भेटायचे, नव्या घरात पलंग खिडकीशी हवा की भिंतीशी. हे छोटे निर्णय मात्र खरेखुरे त्याचे असू द्यावेत. त्याने फुटका डबा निवडला तर फुटका डबा न्यावा.

मराठी माणसाच्या परदेशगमनाचा इतिहास आपल्याकडे बहुतेक मोठ्यांच्या बाजूने लिहिला गेला आहे. आनंदीबाई, रमाबाई, बॅरिस्टर, डॉक्टर. त्यांच्या बोटाला धरून गेलेली मुले त्या इतिहासात समासात उभी आहेत. त्यांतली एक पंडिता रमाबाईंची मुलगी मनोरमा. तिचा जन्म एप्रिल १८८१चा, सिल्चरचा. वडील बिपिनबिहारी मेधावी फेब्रुवारी १८८२मध्ये वारले, तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. मग आईबरोबर पुणे. १८८३मध्ये, दोन वर्षांची असताना, बोटीने इंग्लंड. वाँटेज इथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या भगिनींकडे मायलेकी राहिल्या. १८८४पासून रमाबाई चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात शिकू-शिकवू लागल्या आणि मनोरमेचा मुक्काम बराचसा वाँटेजलाच राहिला. फेब्रुवारी १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला निघाल्या. मनोरमा बरोबर होती. ११ मार्चला फिलाडेल्फियात तो समारंभ झाला, तेव्हा तिला पाच वर्षे पुरी व्हायची होती. त्याच वर्षी तिला परत इंग्लंडला धाडण्यात आले आणि आई शारदासदनाच्या कामासाठी अमेरिकाभर व्याख्याने देत फिरत राहिली.

वडील नाहीत, आई समुद्रापलीकडे, आणि पाच वर्षांच्या आयुष्यात तीन देश. आजच्या कुठल्याही समुपदेशकाने या मुलीची नोंद काळजीच्या यादीत पहिली केली असती. पण या मायलेकींच्या पत्रव्यवहारात एक शब्द असा आहे की त्यावर थांबावेसे वाटते. वाँटेजला त्यांचा सांभाळ करणाऱ्या सिस्टर जेराल्डिन यांचा उल्लेख तिथे 'आजीबाई' असा येतो. एका इंग्रज संन्यासिनीला आजीबाई! जेराल्डिनबाईंनी जमवलेला हा पत्रसंग्रह अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रमाबाई आणि या आजीबाई यांच्यात धर्मावरून कडाक्याचे वाद आहेत, आणि मनोरमेला काय शिकवावे, कसे वाढवावे, तिच्यावर अधिकार कुणाचा, यावरूनही आहेत. अभ्यासकांनी धर्मचर्चेवर पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र त्या हाकेचे मोल अधिक वाटते. परक्या देशात माणसे नवी मिळाली तरी नाती ठेवायच्या खुंट्या जुन्याच होत्या. 'आजीबाई' ही खुंटी मराठीची; तिच्यावर वाँटेजची एक बाई टांगली गेली आणि मुलीच्या जगात बसली.

ही युक्ती आजही चालते, आणि ती फुकट आहे. शेजारची वृद्ध बाई 'मिसेस अमुक' असण्यापेक्षा घरात तिला आजी म्हटले, तर मुलाला ती कोण आहे ते लगेच कळते. तिला तो शब्द समजावून सांगितला तर बहुतेक वेळा तीही खूश होते. नव्या गावाचा नकाशा मुलाला असाच जुन्या गावाच्या शब्दांत द्यावा. ही इथली देवतळ्याची जागा, म्हणजे जिथे संध्याकाळी फिरायला जायचे. हे इथले पाटणी चौक, म्हणजे जिथे गर्दी असते आणि हात सोडायचा नसतो. पुढे ते शब्द आपोआप गळून पडतात. त्यांचे काम तोवर झालेले असते.

दुसरे मूल दामोदर कोसंबी. वडील धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी जात, आणि १९१८मध्ये त्यांनी मोठी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना केम्ब्रिजला, मॅसॅच्युसेट्सला, बरोबर नेले. आई बाळाबाई भारतातच राहिल्या. मुलगा तिथल्या शाळेत शिकला, बॉय स्काउट झाला आणि पुढे हार्वर्डचा पदवीधर होऊन परतला. हे उदाहरण देताना लोक थेट त्या बुद्धिमत्तेवर जातात आणि म्हणतात, बघा, परदेशाने काही बिघडले नाही. तसा निष्कर्ष काढायला ते फार अपवादात्मक मूल आहे. मला त्यातून घ्यावेसे वाटते ते एवढेच, की तो एकटा नव्हता. बरोबर मोठी बहीण होती, तीच भाषा बोलणारी, तेच घर आठवणारी. ज्यांना दोन मुले आहेत त्यांनी हे विसरू नये. मोठ्या मुलाला "तू तरी समजूतदार हो" असे म्हणण्यापेक्षा दोघांना मिळून घराची आठवण काढू द्यावी. एकच मूल असेल तर ही भूमिका काही काळ आईला नाहीतर बापाला करावी लागते. "मलाही आज आजीच्या हातची भाकर आठवली" हे वाक्य मुलापुढे बोलायला पालक घाबरतात, कारण मूल रडेल अशी भीती असते. रडेलही.

रडण्याची ही भीती निघण्याच्या दिवशी शिगेला पोचते आणि तिथे आपल्याकडची एक जुनी रीत फार नुकसान करते. मूल झोपलेले असताना किंवा त्याला दुकानात चॉकलेट आणायला पाठवून त्याचा डोळा चुकवायचा. बाप अमेरिकेला गेला तेव्हा असेच झालेले असते. आता आजीने तोंड फिरवून घरात निघून जायचे, म्हणजे पोर रडणार नाही. रडणे टळते हे खरे. १९५२मध्ये जेम्स रॉबर्टसन या ब्रिटिश संशोधकाने एक लघुपट केला होता. अडीच वर्षांची एक मुलगी आठ दिवस रुग्णालयात, आईवडिलांपासून दूर. कॅमेरा रोज ठरलेल्या वेळी तिच्यासमोर. ती फारशी रडत नाही. हळूहळू गप्प होते, चेहरा बंद होतो. परिचारिकांना असे मूल 'शहाणे' वाटत असे. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी दाखवले की तुटलेले मूल आधी निषेध करते, मग खचते आणि शेवटी माणसांपासूनच अलिप्त होते. तिसरी पायरी बाहेरून सुधारल्यासारखी दिसते. त्या लघुपटावर डॉक्टरांनी प्रथम बरीच नाराजी दाखवली, पण पुढे १९५९च्या प्लॅट समितीच्या अहवालाने रुग्णालयांत आईवडिलांना मुलांजवळ येऊ द्यावे अशी शिफारस केली. स्थलांतर म्हणजे रुग्णालय नव्हे, आईबाप बरोबरच असतात, हे मान्य. तरी आजी-आजोबांपासून, आणि काही महिन्यांसाठी बापापासून, ते मूल तुटलेलेच असते. म्हणून निरोप उघड घ्यावा, दिवसाउजेडी घ्यावा, आणि माणसांबरोबर जागांचाही घ्यावा. शाळेचा वर्ग, बालाजीचे मंदिर, शेतातली विहीर, आवडते चिवड्याचे दुकान. मुलाला प्रत्येक ठिकाणी "जातो, येतो" म्हणू द्यावे. मराठीत 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, हेही त्याला तेव्हाच सांगावे. मुलांना हा शब्द फार पटतो.

बरोबर न्यायच्या वस्तूचा प्रश्न बॅगा भरताना येतो आणि नेमका तेव्हाच आईबाप वजनकाट्याशी झुंजत असतात. डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१मध्ये 'संक्रमण-वस्तू' ही कल्पना मांडली: जुनी गोधडी, कान तुटलेले अस्वल, ज्याला धरून मूल एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते. ही वस्तू मूल निवडते, आपण नाही. आपल्या भागात ती तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल असू शकते, आजीच्या लुगड्याचा तुकडा असू शकते. २३ किलोच्या बॅगेत तिला जागा नसेल तर लोणच्याची एक बरणी काढावी. ती धुऊ नये. तिचा वास हाच तिचा उपयोग आहे. ती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी, म्हणजे बॅग हरवली तरी ती हरवणार नाही. एक मात्र आधी सांगून ठेवलेले बरे. मुलांना अंगणातली माती डबीत भरून न्यावीशी वाटते, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारखे देश परवान्याशिवाय माती आत येऊ देत नाहीत. विमानतळावर अधिकाऱ्याने ती डबी फेकण्यापेक्षा घरीच त्या मातीत मुलाच्या हाताने एक रोप लावून ते आजीकडे सोपवावे.

आता भाषा. व्हिसाची चाहूल लागताच घरात इंग्रजी सुरू होते. "वॉटर पी, शूज घाल." आजी बावरते. तिला वाटते, आता या नातवाशी बोलायचे कसे? मुलाला तर वाटते, घरातले उरलेसुरलेही गेले. लिली वाँग फिलमोर यांनी १९९१मध्ये अमेरिकेतल्या हजारावर स्थलांतरित कुटुंबांच्या पाहणीवर आधारित जे लिहिले, त्याचा मथितार्थ असा, की फार लहान वयात इंग्रजीत ढकललेली मुले घरची भाषा गमावतात आणि त्याबरोबर आईबापांशी बोलायचे साधनही गमावतात. दुसऱ्या बाजूला कॅनडातले जिम कमिन्स सांगतात की नव्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरते येण्यास साधारण दोन वर्षे लागतात, तर वर्गातला अभ्यास त्या भाषेत इतरांच्या बरोबरीने करण्यास पाच ते सात. दोन महिन्यांच्या 'वॉटर'ने त्यात काही फरक पडत नाही. निघण्याआधी मुलाला तिथल्या भाषेतली चार-पाच वाक्ये पुरतात: मला संडासला जायचे आहे, मला पाणी हवे, मला दुखते आहे, माझे नाव अमुक आहे, मी खेळू का? बाकी घरात मराठी, आणि असेल तर वऱ्हाडीच.

खरे म्हणजे वाशीमचे मूल भाषेच्या बाबतीत कोरे नसते. घरात 'मले', शाळेत 'मला'. मोठी माणसे आली की 'मला', मित्र आला की पुन्हा 'मले'. तांड्यावरच्या मुलाजवळ तर गोरमाटी, वऱ्हाडी आणि पुस्तकी मराठी अशा तीन असतात. माणूस आणि जागा पाहून भाषा बदलायचे कसब त्याला आधीच येते; हे त्याला सांगितले तर तो चकित होतो. 'तुला इंग्रजी येत नाही' याऐवजी 'तुला दोन येतात, आता तिसरी' हा फार वेगळा आरंभ आहे. तिथल्या शाळेत मूल पहिले काही आठवडे, कधी काही महिने, अजिबात बोलत नाही. दुसरी भाषा शिकणाऱ्या लहान मुलांत हा मौनाचा काळ सर्रास दिसतो. मूल ऐकत असते, साठवत असते. शिक्षिकेला मुलाच्या नावाचा खरा उच्चार पहिल्याच दिवशी लिहून द्यावा. ज्ञानेश्वरचा 'डॅन' करायची घाई बहुतेक वेळा बापालाच असते.

तिथे गेल्यावर मराठीला आधार आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२चे, उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चे. अमेरिकेत अनेक शहरांत आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरतात. त्यांचा उपयोग भाषेपेक्षाही दुसऱ्या कारणाने मोठा वाटतो. तिथे मुलाला आपल्यासारखी दुसरी मुले दिसतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉन आणि रूथ युसीम १९५०च्या दशकात भारतात येऊन इथे राहणाऱ्या अमेरिकनांचा अभ्यास करत होते. त्या अभ्यासातून 'थर्ड कल्चर किड्स' ही संज्ञा आली, म्हणजे आईबापांच्या आणि राहत्या देशाच्या मध्ये स्वतःची तिसरी संस्कृती घडवणारी मुले. गंमत अशी, की आज आपण आपल्या मुलांसाठी जी संज्ञा वापरतो ती भारतात राहणाऱ्या गोऱ्या मुलांकडे पाहून सुचली. घराचा डोळा चुकवून निघण्याचे दुःख त्या मुलांनाही होते. त्यांचे घर कदाचित नाशिकला किंवा कोडाईकॅनॉलला होते.

आजी-आजोबांविषयी लिहिताना हात जरा आखडतो, कारण या सगळ्यात सर्वांत जास्त गमावणारे तेच. पण "आता आमाले कोन आहे?" हे वाक्य नातवासमोर बोलू नये. मूल ते अक्षरशः घेते. आपण गेलो की आजी मरेल, असा त्याचा अर्थ लावून नकारावर ठाम राहिलेली मुले हट्टी नसतात. ती आजीचा जीव वाचवत असतात. आजीने आपले दुःख सुनेजवळ, लेकीजवळ, देवाजवळ बोलावे. नातवाला सांगावे की मला तुझी आठवण येईल, आणि मी रोज दुपारी भजनाला जाईन, माझी काळजी नको. फोनची वेळही आजीच्या हाती द्यावी. आपली रात्रीची आठची वेळ म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेदहा आणि नोव्हेंबरात घड्याळे मागे गेली की साडेनऊ. शाळेच्या दिवशी दोन्ही वेळा निरुपयोगी. आपल्या संध्याकाळी पाच ते सहा बऱ्या, तेव्हा तिकडे मूल शाळेसाठी आवरत असते. पाच मिनिटे पुरतात. लहान मूल फोनवर गप्पा मारत नाही. आजीने स्वयंपाक करता करता फोन ओट्यावर उभा ठेवावा आणि मुलाने दूध पीत फोडणीचा आवाज ऐकावा.

पहिल्या काही आठवड्यांत मूल अंथरूण ओले करू लागेल, स्वतः जेवणारे भरवायला सांगेल, आईचा पदर नाहीतर जीन्सचा खिसा सोडणार नाही. हे मागे जाणे तात्पुरते असते. महिनोन् महिने तसेच राहिले, खेळणेच थांबले, झोप आणि खाणे उडाले, तर शाळेच्या समुपदेशकाला किंवा बालरोगतज्ज्ञाला सांगावे. आणि एखाद्या घरात व्हिसा हातात असूनही जाणे सहा महिने पुढे ढकलणे शक्य असेल, मूल नुकतेच बापाच्या जाण्यातून सावरत असेल, तर ढकलावे. नोकरी सहसा थांबत नाही हे मला ठाऊक आहे. पण जिथे थांबते तिथेही आपण घाई करतो, असे दिसते.

परतीची पहिली भेट हा या विषयाचाच भाग आहे, आणि त्याची तयारी जवळजवळ कुणी करत नाही. दोन वर्षांनी मूल येते. नागपूरला उतरून समृद्धी महामार्गाने तीन-चार तासांत घरी. त्याच्या डोक्यात घर तसेच्या तसे असते. इथे मोत्या म्हातारा झालेला असतो किंवा नसतोच, सायकल आतेभावाला लहान पडून कुणाला तरी दिलेली असते, शेजारच्या मित्राला नवे मित्र मिळालेले असतात. हे बदल घडतील तसे त्याला फोनवर सांगत राहावे. एकदम समोर आले तर त्याला फसवल्यासारखे वाटते. मूल मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. आजीने त्याला दुरुस्त करू नये, थट्टाही करू नये, आपली वऱ्हाडी तशीच चालू ठेवावी. साधारण आठवड्याभरात पहिला 'मले' ऐकू येतो, बहुधा पोरांबरोबर खेळताना भांडण झाले की. आणि महिना संपता संपता, बॅगा पुन्हा भरल्या जात असताना, त्याला तिकडच्या आपल्या खोलीची, वर्गातल्या मित्राची आठवण येऊ लागली असेल तर आजीने वाईट वाटून घेऊ नये. तिने त्याला त्या मित्राचे नाव विचारावे.